उशीर कोणाचा? : स्तनाचा कर्करोग आणि आपली वस्ती

आपल्या वस्त्यांत काही आजारांची नावे मोठ्याने घेतली जातात, काहींची घेतली जात नाहीत. ताप, साखर, रक्तदाब यांविषयी बायका नळावर बोलतात, लोकलच्या डब्यात बोलतात, कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीत बोलतात. स्तनात गाठ लागली तर मात्र ती बाई कोणाशी बोलत नाही. फार तर 'छातीत दुखतंय' म्हणते, आणि तेही दुखू लागल्यावर. या रोगाचा मोठा धोका हाच की, सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी कामाचा खाडा करून दवाखाना गाठणे कष्टकरी बाईला परवडत नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी साऱ्या जगात सुमारे २३ लाख नवे रुग्ण होते आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जगात नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यू तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. आपल्याकडे निम्म्याहून जास्त. रोगाच्या प्रकारांत देशोदेशी काही फरक असतो हे खरे, पण एवढी मोठी तफावत त्याने भरून निघत नाही. ती तफावत मुख्यतः उशिराची आहे. हा उशीर कोठे होतो, तो कोण करते आणि तो तोडण्यासाठी कार्यकर्ता, विद्यार्थी व शिक्षक काय करू शकतात, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध जी मोहीम सुरू केली तिची उद्दिष्टे तीन आकड्यांत मांडली आहेत. पहिले, किमान ६० टक्के रुग्णांचा रोग पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यातच सापडावा. दुसरे, बाई दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. तिसरे, किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत पुरे व्हावेत. साठ, साठ, ऐंशी. हे तीन आकडे म्हणजे तीन उशिरांची नावे आहेत : सांगण्याचा उशीर, निदानाचा उशीर आणि उपचार पुरे होण्याचा उशीर.

हे तीन उशीर समजून घेण्यासाठी गोखिवऱ्यातील एक बाई डोळ्यांसमोर आणू. गोखिवरे हे वसई पूर्वेचे गाव. एका बाजूला वसई रोड स्टेशन, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हे ठाणे जिल्ह्यात होते. आता पालघर जिल्ह्यात आणि वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. गावठाण, पाडे, चाळी आणि वालीव-सातिवलीपर्यंत पसरलेले कारखान्यांचे गाळे. अशाच एका गाळ्यात पॅकिंगचे काम करणारी पंचेचाळीस वर्षांची बाई. ठेकेदाराकडून मजुरी मिळते, खाडा झाला की मजुरी गेली. आंघोळ करताना तिच्या हाताला एक गाठ लागते. ती कोणी एक विशिष्ट बाई नाही, म्हणून तिला नाव देत नाही. वाचकाने आपल्या ओळखीची बाई तिथे ठेवावी.

रोग म्हणजे काय

शरीरातील पेशी ठरावीक शिस्तीत वाढतात आणि मरतात. काही पेशींत बिघाड होऊन त्या शिस्त सोडून वाढत राहिल्या, आसपासच्या भागात घुसू लागल्या, रक्तातून वा रसवाहिन्यांतून दूर जाऊ लागल्या की त्याला कर्करोग म्हणतात. स्तनात तो बहुधा दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या आतल्या थरात सुरू होतो. तेथून काखेतल्या गाठींत आणि पुढे हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांत पोहोचू शकतो.

वाढते वय हे त्याचे सर्वांत मोठे कारण. जवळच्या नात्यात हा रोग असणे, पाळी लवकर सुरू होणे व उशिरा थांबणे, मूल न होणे किंवा पहिले मूल उशिरा होणे, बाळाला अंगावर न पाजणे, दारू, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा यांनी धोका वाढतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकातील दोषामुळे होणारे रुग्ण शंभरात पाच ते दहा. पण पुष्कळ रुग्णांत यांपैकी ठळक असे एकही कारण सापडत नाही. पुरुषालाही हा रोग होतो. शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो.

करणी, नजर, मागच्या जन्मीचे पाप, चारित्र्याचा दोष यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मार लागल्याने तो होत नाही. तो स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने किंवा मुलाला जवळ घेतल्याने पसरत नाही. हे वाक्य वस्तीत पुनःपुन्हा सांगावे लागते. कारण कर्करोग झालेल्या बाईचे ताट-तांब्या वेगळे ठेवणारी घरे आजही आहेत. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ताट-तांब्याचा वेगळेपणा सोसला, त्या समाजातल्या घरातही आजारी बाईच्या वाट्याला नवा विटाळ यावा यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

पहिला उशीर : सांगण्याचा

खुणा सोप्या आहेत आणि त्या प्रत्येक बाईला पाठ असाव्यात. स्तनात किंवा काखेत कठीण, न दुखणारी गाठ. स्तनाच्या आकारात नव्याने पडलेला फरक. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी जाड व छिद्राछिद्रांची दिसणे. बोंड आत ओढले जाणे. बोंडातून रक्तमिश्रित स्राव. न भरणारी जखम. यातले काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर दाखवायचे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याच वेळी सांगावे. नाही तर भीतीने बाई येतच नाही.

आपल्या पॅकिंगवाल्या बाईला गाठ लागली आहे. ती कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगायचे तर तो घाबरेल किंवा हसेल. सासूला सांगायचे तर शब्द कोणता वापरायचा? 'स्तन' हा शब्द पुस्तकातला, आणि बोलीतले शब्द शिवीत वापरून वापरून घाण झालेले. मग ती 'छाती' म्हणते आणि गल्लीतला डॉक्टर छातीदुखीची गोळी देतो. शब्द नसल्यामुळे झालेला हा उशीर आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीची उपासमार आणि वेदना आडपडदा न ठेवता आली. बाईच्या देहाचे दुःख सांगण्यात लाज नसते, हे तिथे शिकता येते. तो धडा शिक्षकांनी आणि शिक्षिकांनी वर्गात, कार्यकर्त्यांनी महिला मंडळात न्यावयास हवा. मुलीच्या तोंडात हा शब्द सहज बसला तर उद्या तिची आई तिच्याशी बोलेल.

गाठ शोधण्याचे काम मोठ्या यंत्राशिवायही होऊ शकते काय? याचे उत्तर मुंबईच्याच वस्त्यांनी दिले आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांच्या वस्त्यांचे वीस गट केले. दहा गटांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. उरलेल्या दहा गटांना रोगाची माहिती दिली, तपासणी दिली नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटांत ४७ टक्के. सर्व वयांच्या स्त्रियांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाचीही असू शकेल असे संख्याशास्त्र सांगते. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही.

या अभ्यासावर, विशेषतः त्याच्याच जोडीने चाललेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या भागावर, नैतिक आक्षेपही घेतले गेले. अर्ध्या बायकांना तपासणीविना का ठेवले, संमती घेताना त्यांना सारे नीट सांगितले होते काय, असे ते आक्षेप होते. आपण ते विसरू नयेत. हे ज्ञान गरीब बायकांच्या देहावरून आले आहे. म्हणूनच त्या ज्ञानाचा पहिला हक्क त्यांच्यासारख्याच बायकांचा आहे.

तो हक्क किती पोहोचला? राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा अशी हाताने तपासणी आरोग्य केंद्रात मोफत व्हावयास हवी. आशाताईने घरोघरी नोंद करून तिला तिथवर आणावयाचे आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी आयुष्यात कधीही झालेल्या स्त्रिया देशभरात ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही पुरी नाही. बाईच्या अज्ञानाला दोष देण्यापूर्वी हा आकडा समोर ठेवावा.

दुसरा उशीर : निदानाचा

समजा, आपली बाई अखेर बोलली. शेजारच्या ताईने तिला महापालिकेच्या दवाखान्यात, किंवा वसईतल्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात नेले. आता पुढे काय व्हावयास हवे?

निदानाला तीन पायऱ्या असतात आणि तीनही लागतात. पहिली, डॉक्टरांनी दोन्ही स्तन व दोन्ही काखा हाताने तपासणे. दुसरी, चित्र काढणे. चाळिशीच्या पुढे बहुधा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे; तरुण वयात स्तन घट्ट असल्याने सोनोग्राफी अधिक उपयोगी. तिसरी, बायोप्सी : जाड सुईने गाठीचे छोटे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. बायोप्सीशिवाय कर्करोगाचे निदान पुरे होत नाही. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही समजूत खोटी आहे, आणि या समजुतीने घेतलेले बळी पुष्कळ आहेत.

येथे एक सावधगिरी कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. लहान दवाखान्यात 'साधी गाठ आहे, काढून टाकू' म्हणून निदानाआधीच गाठ कापली जाते. पुढे ती कर्करोगाची निघते. मग किती कापले, कडेला रोग उरला काय, काखेत काय होते, हे कोणालाच नीट सांगता येत नाही आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून आधी सुईची बायोप्सी, मग शस्त्रक्रिया, हा क्रम धरून बसावे. दुसरी गोष्ट, तपासलेल्या तुकड्यांचे मेणातले ठोकळे आणि काचा, ज्यांना दवाखान्यात ब्लॉक आणि स्लाइड म्हणतात, त्या मागून घेऊन जपून ठेवाव्यात. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात. त्या नसल्या तर बायोप्सी पुन्हा आणि आठवडे वाया.

बायोप्सीच्या कागदावर तीन नावे शोधावीत : ईआर, पीआर आणि हर-टू. पहिली दोन असतील तर त्या कर्करोगाच्या पेशी स्त्रीच्या संप्रेरकांवर वाढतात. संप्रेरकांना अडवणाऱ्या गोळ्या त्यावर चालतात. हर-टू असेल तर त्यावर नेमके जाऊन बसणारे ट्रास्टुझुमॅबसारखे औषध आहे. तिन्ही नसतील तर त्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. हा प्रकार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने अधिक दिसतो आणि त्यात केमोथेरपीवर अधिक भिस्त असते. म्हणजे 'स्तनाचा कर्करोग' हे एका रोगाचे नाव नाही. शेजारणीला जे औषध दिले तेच आपल्याला का नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या तीन नावांत आहे.

रोग किती पसरला यावरून टप्पा ठरतो. पहिल्या टप्प्यात गाठ लहान आणि स्तनापुरती असते. दुसऱ्यात ती थोडी मोठी असते किंवा काखेतल्या गाठींत पोहोचलेली असते. तिसऱ्यात कातडी, छातीची भिंत किंवा काखेतल्या बऱ्याच गाठी धरलेल्या असतात. चौथ्यात रोग दूरच्या अवयवांत गेलेला असतो. पहिल्या दोन टप्प्यांत बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. तिसऱ्यातही बरे होण्याची उमेद असते. चौथ्यात रोग मुळापासून जाणे कठीण, पण उपचारांनी आयुष्य वाढते आणि दुखणे कमी करता येते.

तिसरा उशीर : उपचार पुरे होण्याचा

उपचारांची साधने चार : शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार, आणि गोळ्या-इंजेक्शनांची दीर्घ औषधे. कोणते आधी आणि कोणते नंतर हे टप्प्यावर ठरते. गाठ मोठी असेल तर आधी केमोथेरपी देऊन ती लहान करतात. तेव्हा 'ऑपरेशन न करता नुसत्या सुया का देतात' म्हणून उपचार सोडू नयेत.

शस्त्रक्रियेत पूर्वी पूर्ण स्तन आणि खालचे स्नायूही काढीत. अमेरिकेतील हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली ही पद्धत सत्तर-ऐंशी वर्षे चालली. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी दाखवून दिले की, गाठ लहान असेल तर फक्त गाठ व कडेचा भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य तितकेच मिळते. दोघांच्याही अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. म्हणजे पुष्कळ स्त्रियांचा स्तन वाचू शकतो.

पण त्यानंतर किरणोपचार चुकवून चालत नाहीत. ते पूर्वी पाच आठवडे रोज असत. आता बहुधा तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस असतात, आणि काही रुग्णांत एका आठवड्यातही पुरे करतात. गोखिवऱ्याहून परळला रोज जाणे म्हणजे रिक्षाने वसई रोड, तिथून विरार लोकलची गर्दी, दादरला उतरून पुढचा प्रवास, आणि संध्याकाळी तेच उलट. ज्या बाईला हे जमणार नाही तिच्यापुढे पूर्ण स्तन काढण्याचाच मार्ग उरतो. म्हणजे तिच्या देहाचा निर्णय वैद्यकशास्त्राइतकाच अंतराने आणि मजुरीने घेतला. हे सामाजिक सत्य कोणत्याही केसपेपरवर लिहिलेले नसते.

केमोथेरपी बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने काही महिने चालते. केस जातात, ते पुन्हा येतात. मळमळ, तोंड येणे, थकवा येतो. त्यावर औषधे असतात. धोक्याची खूण एकच पाठ करावी : ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

संप्रेरकांवर वाढणाऱ्या रोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी किमान पाच वर्षे, कधी दहा वर्षे रोज घ्यावी लागते. पाच वर्षे घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने अशा स्त्रियांत पुढच्या पंधरा वर्षांतले या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ही गोळी स्वस्त आहे. ती बंद पडते ती किमतीमुळे कमी, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून अधिक. वस्तीतल्या कार्यकर्तीने महिन्याला एकदा 'गोळी चालू आहे ना?' एवढे विचारले तरी ते मोठे काम आहे.

स्वस्त उपायांना कमी लेखू नये याचा आणखी एक दाखला परळचाच आहे. टाटा मेमोरियलच्या राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करण्याचे साधे औषध, टोचले. त्या एका इंजेक्शनाने पुढच्या काळातील मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी झाला. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया एका गटात ८६.४ टक्के, इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के. विज्ञान महागच असले पाहिजे असे नाही.

पैसा, रजा आणि कागद

ज्या परळच्या पोयबावडीतील बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथे जनरल वर्गात नाव नोंदवणाऱ्यांना सवलतीच्या दरात उपचार मिळतात आणि वैद्यकीय समाजसेवा विभाग पैशाच्या अडचणीत वाट दाखवतो. त्या खोलीचा दरवाजा ठोठावण्यात कमीपणा नाही.

राज्याची जी योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, तिच्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार येतात. २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिचे दार उघडले असून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. त्याला उपचार सुरू होण्यापूर्वी भेटावे. शिधापत्रिका, आधारकार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बायोप्सीचा कागद यांच्या प्रती एका पिशवीत कायम तयार ठेवाव्यात. शिधापत्रिकेवरील नावात आणि आधारवरील नावात फरक असेल, लग्नानंतर बाईचे नाव माहेरच्या पत्रिकेवरच राहिले असेल, तर त्या एका अक्षरासाठी उपचार अडतो. ही कामे रोग होण्याआधीच वस्तीत शिबिर घेऊन करण्यासारखी आहेत.

उपचाराचा खर्च योजनेने दिला तरी बुडालेली मजुरी कोण देणार? येथे बाबासाहेबांची आठवण भावनेपोटी नव्हे, कामासाठी करावयाची. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. ज्याला आपण ईएसआय म्हणतो ती योजना हीच. नोकरीची व हप्त्यांची ठरलेली मुदत भरली असेल तर आजारपणात पहिले ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के आणि कर्करोगासारख्या लांबणाऱ्या आजारात पुढे ८० टक्के भत्ता, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ही योजना लागू होते. आता आपल्या पॅकिंगवाल्या बाईकडे परत येऊ. ती गाळ्यात सहा वर्षे काम करते आहे, पण ठेकेदाराने तिचा विमा क्रमांकच काढला नसेल, तर तो भत्ता तिच्यासाठी नाहीच. म्हणून गाळ्यातल्या बायकांची ईएसआय नोंदणी तपासणे हे कर्करोगाविरुद्धचेही काम आहे. कामगार संघटनेने ते आरोग्याच्या कामातून वेगळे काढू नये.

सोबत

जिला सोबत असते ती उपचार पुरे करते, हे अनुभवाने सांगता येते. सोबत म्हणजे केवळ धीर नव्हे. रांगेत उभे राहणे, कागद वाचून दाखवणे, पुढची तारीख लिहून ठेवणे, तिच्या मुलांना एक दिवस जेवू घालणे, ही सोबत. शस्त्रक्रियेनंतर हात वर जात नाही. शिकवलेले हाताचे व्यायाम रोज करवून घेणे, पाण्याचा भरलेला हंडा काही महिने तिला उचलू न देणे, हात सुजू लागला तर लगेच दाखवायला नेणे, हीही सोबत. स्तन काढलेल्या बाईला कापडाचा किंवा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळू शकतो, हे तिला कोणी तरी सांगावे लागते.

कर्करोगाच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते. रुग्णालयाचा कागद जवळ असावा. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून मुंबईत रुग्णांसाठी काम करीत आहेत. गावाकडून येणाऱ्या नातलगांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना अल्प दरात राहता-जेवता येते. ज्या गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेच्या हाती दिली, त्यांच्या नावाला शोभेल असेच हे काम आहे.

प्रत्येक वस्तीत दोन बायका अशा तयार व्हाव्यात की, ज्यांना खुणा पाठ आहेत, परळचा रस्ता माहीत आहे आणि आरोग्यमित्राशी बोलता येते. ज्या बाई स्वतः उपचार पुरे करून कामावर परतल्या आहेत, त्यांनी पुढे आल्यास त्याहून चांगले काहीच नाही. रोग बरा होतो हे शंभर भाषणांनी पटत नाही ते एका बाईने 'मला झाला होता' म्हटल्याने पटते. विद्यार्थ्यांनी आशाताईबरोबर घरोघर जाऊन तीस वर्षांवरील बायकांची यादी करावी, कोणाची तपासणी झाली नाही ते लिहावे आणि ती यादी आरोग्य केंद्रापुढे ठेवावी. मागणी करायची असेल तर आकडा हातात असावा.

आपल्या चळवळीने स्पर्शाचा प्रश्न फार जवळून जाणला आहे. या रोगात तर पहिले निदानच स्पर्शाने होते. आपल्यासारख्याच वस्तीतल्या, शिकवून तयार केलेल्या बाईचा हात गाठ वेळेवर शोधू शकतो, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांनी वीस वर्षांत दाखवून दिले. तो हात गोखिवऱ्यातल्या बाईपर्यंत पोहोचलेला नाही. तोपर्यंत झालेला उशीर तिच्या नावावर लिहिता येणार नाही.